लेंडीखताची फी

धोंडुबाई पुकळे बोलायला लागली की नदीच्या पलीकडच्या काठाला चरणारी मेंढरंसुद्धा मान वर करून बघतात, असं उंब्रजच्या बाजारात लोक म्हणायचे. त्यात थोडा मीठमसाला असेल, पण फार नाही. आटपाडीच्या पलीकडच्या कोरड्या माळावरची ही बाई. दिवाळी झाली की नवरा धुळा, मेंढरं, घोडी, कोंबड्या आणि भांडीकुंडी असा सगळा संसार घेऊन म्हसवडवरनं खाली उतरायची आणि मृग लागेपर्यंत कृष्णाकाठच्या ऊसवाल्यांच्या रानांत मेंढरं बसवत हिंडायची. धुळा मेंढरांशी बोलायचा, धोंडुबाई माणसांशी. संसाराची अशी सरळ वाटणी होती आणि दोघंही तीत सुखी होती.

मेंढरं बसवणं हा तसा साधा धंदा. पीक निघालेल्या रानात सांजच्याला मेखा ठोकून भोवतीनं वाघर, म्हणजे जाळी, बांधायची आणि मेंढरं आत घ्यायची. रात्रभर मेंढरं बसली की त्यांच्या लेंड्यांनी आणि मुतानं रान तरारून उठतं. सकाळी वाघर उचलायची आणि पुढच्या पट्ट्यात लावायची. याच्या बदल्यात रानाचा मालक ज्वारी-बाजरी देतो. किती द्यायची ते ठरवायचं काम धोंडुबाईचं. तिच्याशी घासाघीस करून जिंकलेला बागायतदार त्या मुलखात कुणी बघितलेला नव्हता. हरलेले पुष्कळ होते, आणि ते सगळे दुसऱ्या वर्षी पुन्हा तिलाच बोलवायचे.

उंब्रजपासून कोसभरावर पीराच्या दर्ग्याला लागून एक हायस्कूल होतं. कागदावर त्याला मोठं लांबलचक नाव होतं, पण सगळे ‘दर्ग्याची शाळा’च म्हणायचे. शाळा मुसलमान पंचांची, पोरं मात्र अठरापगड जातींची. दस्तगीर अत्तार नावाचे हेडमास्तर होते. अंगानं काडी, पण जिद्दीचे. दर्ग्याच्या नावावर थोडी जमीन होती, तिच्यात पिकेल त्या ज्वारीवर गुरुजी गरिबाघरची पोरं बोर्डिंगात ठेवून घ्यायचे. मुलींची सोय त्यांच्या स्वतःच्या घरात, भाभींच्या हाताखाली.

एका साली रान अगदीच भागलं. ताटं गुडघ्याएवढी आणि कणसं करंगळीएवढी. गुरुजी धोंडुबाईच्या वाड्यावर आले. वाडा म्हणजे आपला मोकळ्या रानातला मुक्काम, चार दगडांची चूल आणि वर आभाळ. मेंढरं बसवा म्हणाले, आणि मग मान खाली घालून म्हणाले, द्यायला मात्र दाणा नाही. दुसरं कुणी असतं तर धोंडुबाईनं त्याला तिथनंच वाटेला लावलं असतं. पण सौदा करायला आलेला माणूस आधीच आपली झोळी उलटी करून दाखवतो, हे तिनं पहिल्यांदाच बघितलं.

“दाणं न्हाईत तर न्हाईत,” ती म्हणाली. “तुमच्याकडं हाय तरी काय?”

“शाळा आहे,” गुरुजी म्हणाले.

“मग तीच घाला पदरात.”

असा तो सौदा झाला. धोंडुबाईची एकुलती लेक बनू आजीपाशी राहून वाडीच्या शाळेत चौथी झाली होती आणि पुढं शाळा नव्हती. ती गुरुजींच्या घरी राहायला गेली आणि धोंडुबाईची मेंढरं दर्ग्याच्या रानात बसली. पुढच्या वर्षी रानात अशी ज्वारी आली की गुरुजींना राखणीला माणूस ठेवावा लागला. मग धोंडुबाईच्या मागनं दुसऱ्या वाड्यांवरच्या धनगरांनीही आपापली पोरं आणून घातली. सगळ्यांची फी एकच, लेंडीखत. बहात्तरच्या दुष्काळात निम्मी मेंढरं गेली, तरी उरलेली घेऊन धोंडुबाई आली आणि दर्ग्याच्या रानात बसवून गेली. फी चुकवायची नाही, हा तिचा बाणा होता. त्याचा तिला गर्वही होता, आणि तो ती लपवत नसे.

आता दर्ग्याच्या रानाच्या बांधाला बांध लावून सुभेदार लालासाहेबांचं रान होतं. पलटणीतनं पेन्शन घेऊन आलेला, मिशीला पीळ देणारा, उसाचा तालेवार मालक. पूर्वी धोंडुबाईचा पहिला मुक्काम त्यांच्या रानात पडायचा. शाळेचं सुरू झाल्यापासून पहिला मान शाळेचा, आणि सुभेदारांकडं मेंढरं पोचेपर्यंत त्यांची उसाच्या लागणीची वेळ टळून जायची. शेजारचं रान वर्षावर्षाला काळंभोर होतंय आणि आपण युरियाची पोती वाहतोय, हे सुभेदारांना बघवेना. पण तसं सरळ बोलायचं कसं? ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय पलटणीतसुद्धा सुटत नाही. त्यांनी शिक्षण खात्याला अर्ज धाडला की दर्ग्याची शाळा सरकारची मंजुरी नसलेली फी गोरगरिबांकडून वसूल करते.

खात्याला एवढं पुरे होतं. हुकूम आला: मंजुरीवाचून घेतलेली सगळी फी पालकांना परत करा, नाहीतर शाळेची मान्यता काढू. मान्यता गेली की त्या शाळेतनं परीक्षेला बसता यायचं नाही. साल पंचाहत्तरचं. दहावीची नवी परीक्षा त्याच वर्षी पहिल्यांदा व्हायची होती आणि बनू दहावीत होती.

पंच काही गप्प बसणारे नव्हते. त्यांनी साताऱ्यात फडतरे वकील गाठले आणि हुकमावर मनाई मागितली. फडतरे हुशार माणूस. त्यांनी पंचांना समजावलं की अल्पसंख्याकांना आपली शाळा आपल्या मर्जीनं चालवायचा हक्क घटनेनंच दिलाय. पोरं कोणती घ्यायची, फी काय घ्यायची, यात खात्यानं नाक खुपसायचं कारण नाही. सरकारी वकील म्हणणार की शाळा चालवायचा हक्क म्हणजे लोकांना लुटायचा हक्क नव्हे, आणि फीवर सरकारचा डोळा असलाच पाहिजे. गुरुजींनी हे सगळं धोंडुबाईला वाड्यावर येऊन सांगितलं. ती म्हणाली की दोघांचंही बरोबर दिसतंय, म्हणजे भांडण लांबणार.

खात्याच्या एका कारकुनानं मधली वाट सुचवली होती. धनगरांच्या पोरांना नादारी लावा, म्हणजे फी माफ. काही द्यायला नको, काही घ्यायला नको, हुकमाचं कारणच उरत नाही. धोंडुबाईनं विचारलं, नादार म्हणजे काय. गुरुजींनी चाचरत सांगितलं, ज्याच्याजवळ काही नाही तो. धोंडुबाईनं एकदा वाघर भरून बसलेल्या मेंढरांकडं बघितलं आणि एकदा गुरुजींकडं. गुरुजींनी विषय बदलला.

पण खरा घाव दुसरीकडनं आला. रविवारी बनू वाड्यावर आली, भाकरी खाल्ली, कोकरांशी खेळली आणि जाताना खाली बघून म्हणाली, “आये, घे की नादारी. पोरी नाक धरत्यात. लेंडीची फी म्हणत्यात मला.”

साऱ्या कृष्णाकाठाला बोलण्यात हरवणारी बाई, पण लेकीपुढं तिची जीभ जड झाली. लेक शिकली म्हणजे आपल्यापासून थोडी लांब जाणार हे तिला ठाऊक होतं. आपला वास येतो म्हणून लांब जाईल, हे काही तिनं धरलं नव्हतं. त्या दिवशी तिनं धुळाला दोनदा विचारलं की माझ्या लुगड्याला वास येतोय का. धुळानं हुंगून बघितलं आणि मेंढरांचा येतोय म्हणाला, दुसरा कशाचा येणार.

तारीख जवळ आली तशी फडतरे वकिलांनी एक युक्ती काढली. हक्काबिक्काचं लांबण लावत बसायला नको. पालकानंच साक्ष द्यायची की ही फी नाहीच. पीराला नवस बोललो होतो, तो मेंढरं बसवून फेडतो. दर्ग्याला दिलेलं ते दान. फीच नाही म्हटल्यावर खातं परत काय करायला लावणार? साक्षीला माणूस खणखणीत बोलणारा हवा. मग धोंडुबाईशिवाय दुसरं कोण? गुरुजींनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण पंचांचे चेहरे बघून मिटलं. धोंडुबाईनंही हो म्हटलं. लेकीची परीक्षा राहत असेल तर एवढं बोलायला काय जातंय, असा तिनं हिशेब केला. वकिलांनी तिच्याकडनं सगळं घोकून घेतलं आणि निर्धास्त झाले.

सातारच्या कोर्टात धोंडुबाई हिरवं इरकली लुगडं नेसून गेली. पटका बांधलेला धुळा मागनं. सुभेदार लालासाहेब आधीच पुढच्या बाकावर मिशी सावरत बसले होते. धोंडुबाईचं नाव पुकारलं गेलं. शिपायानं शपथ सांगितली, ईश्वरासाक्ष खरं सांगेन. धोंडुबाईनं ती म्हटली. ती तिला शहरातली बोली वाटली, एस.टी.त शिरताना कंडक्टर ओरडतो तशी. तिथंवर सगळं ठीक होतं.

पण शपथ म्हटल्यावर हात काही गप्प राहीना. धनगराच्या घरात शपथ म्हणजे बिरोबाचा भंडारा. भांडण असो की सोयरीक, बोलायच्या आधी भंडारा उचलायचा, कपाळाला लावायचा, मग तोंड उघडायचं. जन्माची सवय. तिनं कमरेची पिशवी सोडली, चिमूटभर हळद घेतली, कपाळाला लावली, कठड्याच्या लाकडाला लावली, आणि शेजारी उभ्या शिपायानं आपसूक मान पुढं केली म्हणून त्याच्याही कपाळाला लावली. न्यायाधीश चष्म्यावरनं बघत राहिले. कुणी हसलं नाही, कारण शिपाई एवढ्या गंभीरपणे उभा होता की हसायची सोय नव्हती.

आणि मग धोंडुबाईच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. भंडारा उचलून खोटं बोललेल्या माणसाचं काय होतं, हे सांगायला तिला वकील नको होता. फडतरे वकील हसतमुखानं पुढं आले आणि त्यांनी घोकून घेतलेला प्रश्न विचारला, की बाई, तुम्ही दर्ग्याच्या रानात मेंढरं बसवता ती पीराच्या नवसापोटीच ना?

धोंडुबाईनं एकदा गुरुजींकडं बघितलं, मग न्यायाधीशांकडं.

“न्हाई जी,” ती म्हणाली. “पीराला आमी येगळं देतो. नारळ आन चादर. त्ये दान. मेंढरं बसवतो ती फी.”

फडतरे वकिलांच्या हातातला कागद खाली आला. सरकारी वकील आनंदानं उठून उभे राहिले आणि म्हणाले, फी आहे असं साक्षीदारच म्हणतोय, तर सगळी परत करायचा हुकूम कायम करावा. न्यायाधीशांनी त्यांना थांबवलं आणि धोंडुबाईला विचारलं की सरकार ही फी माफ करायला तयार आहे, मग तुम्हाला ती द्यायचीच का आहे?

“सायब, आमी सौदा केलाय,” धोंडुबाई म्हणाली. आता तिचा आवाज लागला होता आणि खिडकीतली कबुतरं उडाली. “शाळंनं पोर शिकवली, आमी रान पिकवलं. दुष्काळात बी चुकवलं न्हाई. माझी पोर कुणाच्या उपकारावर शिकली न्हाई. तिला नादार म्हणू नगा.”

मग न्यायाधीशांनी सरकारी वकिलांना एवढंच विचारलं की फी परत करायची म्हणता, ती नेमकी कशी करायची? सरकारी वकिलांनी कागद चाळले. लेंडीखताची ज्वारी झाली होती, ज्वारीच्या भाकरी झाल्या होत्या आणि त्या भाकरी ज्यांनी फी भरली त्यांच्याच पोरांनी खाऊन कधीच्या जिरवल्या होत्या. याला कागदांत काही उत्तर नव्हतं. आता मात्र सगळं कोर्ट हसलं आणि सुभेदारांनी मिशीआड तोंड लपवलं. निकाल पुढच्या तारखेला, असं सांगून न्यायाधीश उठले.

बाहेर आल्यावर धोंडुबाईचं अवसान गळालं. फडतरे वकील तिच्याशी न बोलताच निघून गेले होते. तिला वाटलं, आपण एका चिमूटभर हळदीपायी शाळा बुडवली, दहावी बुडवली, आणि जिच्यासाठी हे सगळं, ती पोर आता आपलं तोंडसुद्धा बघणार नाही. एस.टी. स्टँडवर गुरुजींनी चहा आणला.

“गुर्जी, म्या तुमाला बुडवलं,” ती म्हणाली.

“बुडवलंत खरं,” गुरुजी म्हणाले. “पण महिनाभर माझ्या पोटात कळ येत होती, ती गेली. पीराच्या नावावर खोटं बोलून पीराचीच शाळा वाचवायची, हे मला काही पचत नव्हतं. तुम्ही बोललात, मला बोलायचं धाडस झालं नाही.” आणि त्यांनी आणखी एक चहा मागवला, स्वतःसाठी.

पुढच्या तारखेचा निकाल ऐकायला पंच रडवेल्या तोंडानं गेले आणि नाचत परत आले. न्यायाधीशांनी सांगितलं होतं की शाळा चालवायचा पंचांचा हक्क खात्यानं असा हिसकावून घ्यायचा नाही, मान्यतेला हात लावायचा नाही. मात्र फीच्या नावाखाली कुणाची पिळवणूक होत नाही ना, हे बघणं खात्याचं काम, आणि ते खात्यानं ऑफिसात बसून नव्हे, रानात जाऊन बघावं. फी नाण्यातच हवी असं कुठं म्हटलेलं नाही. तेव्हा खातं, पंच आणि पालक यांनी मिळून वाजवी फी ठरवावी. फडतरे वकील मग गावभर सांगत फिरले की साक्ष आम्ही मुद्दामच तशी दिली. गुरुजींनी मात्र बनूच्या वर्गात धोंडुबाईची साक्ष जशीच्या तशी सांगितली.

फी ठरवायला खात्याचे एक तरुण साहेब जीपमधनं आले. नाकाला रुमाल लावून उतरले. आजवर उंटावरनं शेळ्या हाकलेल्या, आता खरोखरीच मेंढरांत उभं राहायची पाळी आली. कडुनिंबाखाली घोंगडी अंथरली होती. गुरुजी, पंच, धनगर मंडळी आणि बांधावर सहज आल्यासारखे उभे सुभेदार लालासाहेब, अशी सभा भरली. साहेबांनी घसा साफ करून सांगितलं की सरकारला गरिबांची काळजी आहे, तेव्हा एका मुलामागं वर्षाला एक रात्र मेंढरं बसवावीत, त्याहून जास्त घेणं म्हणजे पिळवणूक.

“एक रात?” धोंडुबाई म्हणाली. “एका रातीत रानाला काय कळतंय? रानाची चेष्टा हाय व्हय?”

मग जी घासाघीस झाली, तशी खात्यानं त्याआधी कधी बघितली नसेल आणि नंतरही बघितली नसेल. साहेब फी खाली ओढायचे, पालक वर चढवायचे. गुरुजी दोन रात्री पुष्कळ झाल्या म्हणायचे, धोंडुबाई त्यांना म्हणायची, गुर्जी तुमी मधी बोलू नगा, तुमाला सौदा जमत न्हाई. रानात पट्टे किती, मेंढरं किती, ज्वारी किती होते, सगळं तिनं साहेबांच्या गळी उतरवलं. साहेब रुमाल खिशात ठेवून घोंगडीवर मांडी घालून बसले, त्यांनी लेंडी हातात घेऊन बघितली, आणि शेवटी घाम पुसत तीन रात्रींवर कबूल झाले. वर आणखी एक रात्र कोकरांची. ती धोंडुबाईनं शेवटच्या घटकेला चढवली, बाजारात चढवायची तशी.

एवढ्यात बांधावरनं सुभेदार पुढं आले. म्हणाले, फी भागल्यावर उरलेल्या राती मोकळ्याच ना, मग रूलप्रमाणे त्या शेजाऱ्याला मिळाव्यात.

“सुभेदार, तुमाला गोरगरिबांची न्हाई, लेंडीची काळजी व्हती,” धोंडुबाई म्हणाली. “पैल्यांदा माझ्याकडं आला असता तर सातारचं भाडं वाचलं असतं.”

सगळी सभा हसली आणि सुभेदार सगळ्यांत मोठ्यानं हसले. त्यांना मेंढरं मिळाली. ज्वारी मात्र गेल्या सालापेक्षा जास्त मोजावी लागली, आणि त्यांनी ती हसत मोजली.

मंजूर फी भरायला पहिला नंबर धोंडुबाईचा लागला. त्याच सांजेला मेंढरं दर्ग्याच्या रानात उतरली. जीपवाले साहेब अजून तिथंच होते, बघायला थांबले होते. शाळा सुटली होती आणि पोरापोरींनी बांधाला गर्दी केली होती. धोंडुबाईनं पदर खोचला, मेख हातात घेतली, आणि गर्दीत बनू नसली तर बरं, असं मनाशी म्हणत खाली वाकली. लेकीला कुणी नाक धरून दाखवलेलं तिला आज बघायचं नव्हतं. एवढा सगळा जय झाला होता, पण ती सल काही गेली नव्हती.

तेवढ्यात मागनं जीभ टाळूवर वाजवून काढायचा तो आवाज आला, कोकरं हाकायचा. असा आवाज शाळेत शिकवत नाहीत. बनू निळा परकर वर खोचून, दोन कोकरं काखोटीला मारून रानात उतरत होती. तिच्या मागं तिच्या वर्गातल्या पोरी, कुणी मेखा घेतलेल्या, कुणी वाघरीचं टोक धरलेलं आणि उलटं धरलेलं. बनू त्यांच्यावर ओरडत होती, हुबेहूब आईच्या आवाजात, नदीच्या पलीकडं जाईल असं.

धोंडुबाई म्हणाली, “आगं, कापडं खराब हुतील. परीक्षा जवळ आलीया. तू जा, अभ्यास कर.”

बनूनं तिच्या हातातनं मेख काढून घेतली.

“फी माझी हाय, आये,” ती म्हणाली. “माझी मी भरती. तू बस.”

आणि धोंडुबाई बसली. काम चाललेलं असताना नुसतं बसायचं कसं ते तिला माहीत नव्हतं, त्यामुळं आधी उकिडवी बसली, मग जरा वेळानं ढेकळांतच मांडी घातली. डोळ्यांतनं पाणी येत होतं, ते तिनं पुसलं नाही. धुळा येऊन शेजारी टेकला आणि बघत राहिला. समोर लेक मेखा ठोकत होती, दगडाचा घाव दणादणा बसत होता, आणि एकेक मेंढरू आपलंच घर असल्यासारखं आत शिरत होतं. धोंडुबाईला इतकं सुख झालं की तिला ते सहन होईना, म्हणून तिनं जागेवरनंच हाक मारून लेकीला सांगितलं की तिसरी मेख वाकडी गेलीय.